खर्रर्र... फलाट क्रमांक... खर्रर्र

दोनच फलाट, पण गाडी कुठल्यावर येणार हे ती दिसल्यावरच कळणार! घड्याळात ८:२५, इंडिकेटर मात्र ८:१२लाच चिकटलेला. मग भोंग्यातून अगम्य खरखर होते आणि सगळे पुलाकडे पळत सुटतात. अर्ध्या पुलावर पोचतो तोच खालून धडधडत जाते ती न थांबणारी जलद गाडी. तिला वाट द्यायला आमची बापडी सिग्नलला उभी. दिवा दिसतोय, गाडी हलत नाही. कित्येक ठिकाणी पाच मिनिटांपर्यंतचा उशीर 'वेळेवर'च धरतात म्हणे. आमच्याकडे तेवढ्यात आली तर लोक दचकतील. आज आली एकदाची, तर दोन डबे कमी. मी उभा होतो तिथे डबाच नाही. पळा पुन्हा!