चिठ्ठ्या आल्या, माल माळ्यावर

रविवारी मुलुंडला माहेरी गेले होते. चहा पुढे करतानाच बाबा म्हणाले, "अगं, कॉम्प्युटर फार हळू चालतोय. दुकानवाला म्हणतो, क्लीनर टाकतो, आठशे रुपये द्या. मेलेले शॉर्टकट साफ झाले की पळायला लागेल."

पळतोय कसला! शॉर्टकट म्हणजे एक-दोन केबीची चिठ्ठी. अमुक फाइल तमुक जागी आहे, एवढंच तिच्यात लिहिलेलं. खरं दुखणं म्हणजे चालू होतानाच अकरा प्रोग्रॅम उघडत होते. (त्यातले दोन याच दुकानवाल्याची कृपा.)

पण डेस्कटॉप बघवत नव्हता, हेही खरं. नुसते पांढरे कोरे आयकॉन, डाव्या कोपऱ्यात तो इवलासा बाण. उघडायला जावं तर 'ही वस्तू हलवली किंवा बदलली आहे, शॉर्टकट काढून टाकू का?' असं विंडोज विचारतं. बाबा दर वेळी 'नाही' दाबतात. हो म्हटलं आणि खरी फाइलच उडाली तर? उडत नाही हो, चिठ्ठीच जाते फक्त.

मीही सरसकट डिलीट करणार होते. तेवढ्यात 'सोसायटी हिशेब २०१६' दिसला. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टार्गेट. डी ड्राइव्ह, मग 'बाबा', मग 'सोसायटी'. नव्या कॉम्प्युटरला डी ड्राइव्हच नाही! दुकानवाल्याने जुना डेस्कटॉप तेवढा उचलून इकडे टाकला होता. चिठ्ठ्या आल्या, माल राहिला जुन्या हार्ड डिस्कमध्ये, आणि ती माळ्यावर, कंदिलाच्या खोक्यात.

डिस्क केसिंगमध्ये, म्हणजे बाहेरून जोडायच्या डबीत, घालून जोडली, तर तिला ई हे अक्षर मिळालं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ते डी केलं, आणि मेलेले चौदा शॉर्टकट पटापट उघडायला लागले. बाबांनी आधी २०१६चा हिशेबच उघडला, पाण्याच्या टाकीचा खर्च बघायला.

म्हणून सांगते, टार्गेट वाचल्याशिवाय शॉर्टकट उडवू नका, आणि हे काम क्लीनरवर तर मुळीच सोपवू नका. विंडोज ७ डेस्कटॉपवर चारपेक्षा जास्त तुटके शॉर्टकट सापडले की आपणहून सगळे काढून टाकायचं. न जोडलेल्या ड्राइव्हवरचेही त्यात जायचे. बाबांच्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ असतं, तर २०१६ कुठे ठेवलंय हे आज कोणी सांगितलं असतं?

उरलेले नऊ खरंच मेलेले होते. आठ काढले. नववा प्रिंटरचा. प्रिंटर भंगारवाल्याला देऊन तीन वर्षं झाली.

"राहू दे गं तो. एक-दोन केबीच ना?"