‘११८९ साली सुरू झालेला पब’ : नॉटिंगहॅमच्या एका दाव्याची कागदोपत्री तपासणी

नॉटिंगहॅमच्या किल्ल्याच्या कड्याला पाठ टेकून उभ्या असलेल्या ‘यी ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम’ या पबचे छायाचित्र समाजमाध्यमांवर वारंवार फिरते. पांढऱ्या भिंतीवर ठळक काळ्या अक्षरांत ११८९ हे साल आणि इंग्लंडमधील सर्वांत जुनी सराई असल्याची ग्वाही त्यात सहज वाचता येते. सोबतच्या मजकुरात बहुधा चार विधाने असतात : पब ११८९ पासून अखंड चालू आहे, इंग्लंडचा राजा रिचर्ड याचे योद्धे जेरुसलेमसाठीच्या धर्मयुद्धावर (क्रुसेडवर) निघताना येथे मद्य प्यायले, त्याचे नावच त्या प्रसंगाची साक्ष देते, आणि आतील गुहा त्याचे प्राचीनत्व सिद्ध करतात. या वास्तूविषयी मला मनापासून आस्था आहे. त्यामुळेच यातील प्रत्येक विधान तपासून घेणे मला आवश्यक वाटते.

प्रथम सालाविषयी. ११८९ या वर्षाला दुजोरा देणारा एकही समकालीन कागद आजवर पुढे आलेला नाही. नकाशाकार जॉन स्पीड याच्या १६१० च्या नकाशात कड्याच्या पायथ्याशी घरे दिसतात, परंतु घर दिसले म्हणजे तेथे मद्य विकले जात होते असे होत नाही. आज उभ्या असलेल्या इमारतीचा सर्वांत जुना भाग सतराव्या शतकाच्या मध्याच्या आगेमागे बांधलेला असावा. ही जागा सराई असल्याचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख १७५१ चा आहे आणि तेव्हा तिचे नाव ‘द पिलग्रिम’, म्हणजे ‘यात्रेकरू’, असे होते. बखरीतील साल आणि अस्सल कागदावरील साल यांत फरक करण्याची सवय मराठी वाचकाला आहे. भिंतीवर रंगवलेल्या सालाला तर बखरीइतकेही वजन देता येत नाही.

यावर ‘इतक्या जुन्या काळचे कागद उरणार तरी कुठून?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त असला, तरी बाराव्या शतकातील इंग्लंड कागदांच्या बाबतीत अगदी मुके नाही. राजकोषाचे वार्षिक हिशेब त्या शतकाच्या मध्यापासून जवळजवळ सलग उपलब्ध आहेत आणि नॉटिंगहॅमच्या किल्ल्यावर झालेला खर्च त्यांत नोंदलेला आहे. पुढे तेराव्या शतकात एलचे, म्हणजे हॉप्स ही कडवट फुले न घातलेल्या जुन्या बिअरचे, दर आणि माप ठरवणारा कायदा आला. तो मोडणाऱ्यांना होणाऱ्या दंडाच्या नोंदी स्थानिक न्यायसभांच्या दप्तरांत सापडतात आणि त्यांत एल गाळणाऱ्या बायकांची नावे पुष्कळ असतात. परवान्याची पद्धत मात्र १५५२ च्या कायद्याने सुरू झाली. त्यामुळे एखाद्या पबला त्याआधीपासून ‘परवाना’ होता असे कोणी म्हणाले, तर ते विधान तेथेच बाद होते.

आता रिचर्डविषयी. त्याचा राज्याभिषेक ३ सप्टेंबर ११८९ रोजी झाला, त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने इंग्लंड सोडले आणि त्याचे सैन्य पुढच्या वर्षी जुलैत फ्रान्समधील वेझले येथे एकत्र जमले. नॉटिंगहॅमशी त्याचा जो ठळक संबंध इतिहासात नोंदला गेला, तो धर्मयुद्धाहून परतल्यानंतरचा आहे : मार्च ११९४ मध्ये त्याचा भाऊ जॉन याच्या पक्षाच्या ताब्यात असलेल्या याच किल्ल्याला त्याने वेढा घातला आणि तो जिंकला. योद्ध्यांनी या विशिष्ट कड्याखाली निरोपाचा पेला घेतला, याला मात्र कोणताही पुरावा नाही.

नावाचा आधार तर सर्वांत कच्चा आहे. ‘ट्रिप टू जेरुसलेम’ हे नाव पहिल्यांदा आढळते ते १७९९ मध्ये, म्हणजे तथाकथित स्थापनेनंतर सहाशे दहा वर्षांनी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जागेची मालकी बदलली आणि नव्या मालकाने नाव बदलले. ‘यात्रेकरू’वरून ‘जेरुसलेमची यात्रा’ सुचणे अगदी स्वाभाविक आहे; त्यासाठी धर्मयुद्धापर्यंत मागे जावे लागत नाही. शिवाय ११८९ मध्ये राजदरबाराची भाषा फ्रेंच होती आणि दप्तराची लॅटिन, त्यामुळे हे इंग्रजी नाव त्या काळच्या दप्तरातून आलेले असणे संभवत नाही. ‘यी ओल्ड’ हा जुनाट वाटणारा शब्दप्रयोगही फसवा आहे. जुन्या इंग्रजीत ‘थ’ या उच्चारासाठी ‘थॉर्न’ नावाचे एक अक्षर होते. लेखनिकांच्या हातून ते ‘वाय’सारखे दिसू लागले आणि पुढे ‘द’ (the) या शब्दाऐवजी ‘यी’ (ye) वाचले जाऊ लागले. मोडी कागद वाचताना ज्यांनी एका अक्षराच्या जागी दुसरे लावले आहे, त्यांना हा घोटाळा चटकन समजेल. दुकानांच्या आणि पबच्या पाट्यांवर ‘यी ओल्ड’ लिहिण्याची हौस प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे.

गुहांच्या बाबतीत मात्र दाव्याला काही अंशी न्याय द्यावा लागतो. नॉटिंगहॅमचा वालुकाश्म हातातील साध्या हत्यारांनीही कोरता येतो. शहरात आठशेहून अधिक गुहांची नोंद आहे आणि नवव्या शतकातील लेखक ॲसर याने या गावाचे नाव ‘गुहांचे ठिकाण’ अशा अर्थाने दिले आहे. या परिसराला ‘ब्रूहाऊस यार्ड’, म्हणजे मद्य गाळण्याच्या भट्टीचे आवार, म्हणतात. किल्ल्यासाठी येथील थंड गुहांत एल गाळली जात असावी हे पटण्यासारखे आहे. परंतु शिबंदीसाठी चालणारी भट्टी आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पैसे घेऊन मद्य देणारी सराई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुहेचे वय पबच्या नावे जमा करणे म्हणजे विहिरीच्या वयावरून वाड्याचे वय सांगणे होय.

हे एकट्या नॉटिंगहॅममध्ये घडलेले नाही. सेंट ऑल्बन्स येथील ‘यी ओल्ड फायटिंग कॉक्स’ हा पब ७९३ हे साल सांगतो. त्याची अष्टकोनी इमारत मुळात कबुतरखाना होती आणि तिला पहिला परवाना मिळाल्याची नोंद १७५६ ची आहे.

ज्यांना आपल्या गावच्या जुन्या पबचा खरोखर शोध घ्यायचा आहे, त्यांनी भिंतीकडून दप्तरांकडे वळावे. १७५३ च्या कायद्याने परवानाधारकांच्या मुचलक्यांच्या नोंदवह्या ठेवणे बंधनकारक झाले. त्यांत विक्रेत्याचे आणि त्याच्या जामिनाचे नाव मिळते. १८२८ नंतर या नोंदवह्यांत मोठा खंड पडतो. तो व्यापारी निर्देशिका, वृत्तपत्रांतील लिलावाच्या जाहिराती आणि १८४१ पासूनची जनगणना यांनी बराचसा भरून काढता येतो. ब्रूहाऊस यार्ड दीर्घकाळ नगराच्या अधिकाराबाहेर गणले जात असल्याने तेथील शोध नगराच्या दप्तरापुरता मर्यादित ठेवून चालत नाही, जिल्ह्याचे दप्तरही पाहावे लागते. १७५१ च्या मागे जायचे असेल, तर त्या आवारात राहणाऱ्यांची मृत्युपत्रे आणि त्यांना जोडलेल्या मालमत्तेच्या याद्या चाळाव्या लागतील, कारण पिंपे, पेले, बाके आणि पाहुण्यांच्या खाटा अशा यादीत खोलीगणिक मोजलेल्या असतात.