उपासाची कोथिंबीर

परवाच्या संकष्टीला कराडवरनं सांगलीला येत होते. एसटी वेळेवर, खिडकीची सीट, डब्यात आईनं दिलेली साबुदाण्याची खिचडी, म्हणजे काहीतरी बिघडणार हे तेव्हाच कळायला हवं होतं. पेठनाक्याला गाडी हायवे सोडून वळली, मी डबा उघडला आणि शेजारच्या आजी अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगं बाई! उपासाला कोथमीर?"

आता आमच्या माहेरी चालते. जिरंही चालतं. सासरी सांगलीत दोन्ही नाही. कराडच्या प्रीतिसंगमावरनं निघालेली कृष्णाच पुढं सांगलीत येते, पाणी तेच, गणपती तोच, पण कोथिंबीर मधेच कुठंतरी बाटते. नेमकी कुठं हे लग्न झाल्यापासून कोडं होतं, ते त्या दिवशी पेठनाक्याला सुटलं.

आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या, म्हणजे तिकीट फुकट. मी निदान अर्धं तिकीट काढलेलं, पण दोन्ही सीटवर हक्क त्यांचाच. नऊवारी, मनगटभर हिरव्या बांगड्या, मांडीवर लालभडक तिखट लावलेल्या उपासाच्या वेफर्सचं पाकीट. काही बोलायच्या आत त्यांनी माझा डबा स्वतःच्या मांडीवर घेतला आणि तांदळातले खडे निवडावेत तशी कोथिंबीर निवडायला लागल्या. एकेक पान चिमटीत धरायचं, डोळ्याजवळ नेऊन खात्री करायची आणि माझ्या नाकासमोरनं हात नेऊन खिडकीबाहेर टाकायचं. वाऱ्यानं त्यातली निम्मी पानं परत आत, माझ्या ओढणीवर.

"आजी, आमच्यात चालते."

"कोण म्हणतंय?"

"आई."

"आन् आईला कोण म्हणलं?"

याला उत्तर नव्हतं. आईला तिच्या आईनं सांगितलं असणार आणि तिला तिच्या सासूनं. आपल्याकडं धर्म पोथीतनं कमी आणि ओट्यापाशी जास्त शिकवला जातो, आणि तिथं 'का' विचारलं की हातात नारळ खोवायला देतात.

तोवर कंडक्टर तिकिटं आटपून येऊन थांबलेले. "आमच्यात भेंडी चालते," ते म्हणाले. मागनं कुणीतरी दचकून "भेंडी?" आणि मग काय, गाडीत ग्रामसभाच भरली. कुणाच्यात काकडी चालते पण टोमॅटो नाही, कुणाच्यात वरीचा भात चालतो पण शिवरात्रीला नाही. प्रत्येकाला आपापल्या घरातला नियम थेट कैलासावरनं आलाय याची खात्री. आमच्या शेजारच्या जैन काकू उपास म्हणजे फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य असेपर्यंत, असं काढतात आणि पलीकडचे चाचा रोज्यात दिवसभर घोटभर पाणीसुद्धा घेत नाहीत. त्या दोघांना आमच्या उपासाची थाळी दाखवायची मला खरंच लाज वाटते.

मला राहवेना. म्हटलं आजी, साबुदाणा ज्याचा करतात तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आता तमिळनाडूत सेलमकडं कारखाने आहेत. बटाटा तिकडचा, शेंगदाणा तिकडचा, रताळं तिकडचं, तुमच्या वेफर्सवरची मिरचीसुद्धा पोर्तुगीज आल्यावर आपल्याकडं आली. आणि हळद? सांगलीची हळद, जीआय टॅगवाली, हरिपूरच्या पेवांत पिढ्यान्‌पिढ्या साठवलेली, देवाला वाहतो, नवरानवरीला लावतो, खंडोबाला उधळतो, ती मात्र खिचडीत चालत नाही. घरच्या माणसाला दाराबाहेर उभं करायचं आणि पाव्हण्याला पाटावर बसवायचं, हा कुठला न्याय?

आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. "असंल तिकडचं. देवाला ठावं हाय का?" म्हणाल्या आणि कनवटीची डबी काढून चिमूटभर मिश्री दाताला लावली.

"आजी, मिश्री चालते उपासाला?"

"ती कुठं गिळायचीय?"

तंबाखूसुद्धा अमेरिकेतनंच आला, हे मी गिळलं.

इथपर्यंत मजा होती, मीही हसत होते. मग त्यांनी माझ्या पाण्याच्या बाटलीला हात घातला आणि झाकण फिरवता फिरवता विचारलं, "आडनाव काय म्हणायचं?"

"पाटील."

"कुठलं पाटील?"

"कराडजवळचे."

"तसं न्हाई. कुठलं पाटील?"

मी गावाचं नाव सांगितलं, मग तालुक्याचं. मला कळत होतं त्या काय विचारतायत, सांगलीत पाटील सगळ्यांच्यात असतात, आणि मी ते सांगणार नव्हते. शेवटी पुढच्या सीटवरचे एक गृहस्थ मागं वळून, अगदी मदत केल्यासारखे, म्हणाले, "ताई, जात विचारत्यात त्या."

"मला समजलंय," मी म्हटलं.

गाडीतली ग्रामसभा एकदम गप्प. भेंडीवाले कंडक्टर पुढं ड्रायव्हरकडं निघून गेले. आजींनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, मनातल्या मनात काय हिशोब केला कोण जाणे, आणि म्हणाल्या, "असू दे. चालत असंल तुमच्यात."

झाकण परत लावलं, बाटली माझ्या मांडीवर ठेवली. पाणी प्यायल्याच नाहीत. तहान नसेल, मिश्री तोंडात होती, असं मी नंतर नवऱ्याला सांगितलं आणि तोही हो म्हणाला, पण मला अजून पटलेलं नाही. इतका वेळ 'आमच्यात चालतं' मी किती सहज म्हणत होते, आणि तेच 'तुमच्यात' होऊन अंगावर आलं की त्यात खिचडीचा काही संबंधच उरत नाही. आणि सगळं इतक्या प्रेमानं! शिवी दिली असती तर भांडता तरी आलं असतं.

आष्ट्याला आजी उतरल्या. उतरताना वेफर्सचं पाकीट माझ्या हातात कोंबून गेल्या, "खा गं पोरी, उपाशी ऱ्हाऊ नगंस." आता या बाईचं करायचं काय सांगा. वेफर्स खाल्ले मी, भूक लागली होती, पण रागानं खाल्ले.