माहेरवाशिणीचे आदरातिथ्य कसे करावे

भाद्रपदातल्या शुक्ल पक्षात अनुराधा नक्षत्रावर गौरी आपल्या घरी येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर निघून जातात. म्हणजे घराण्याची प्रतिष्ठा मुखवट्यांपासून जोडव्यांपर्यंत मांडून दाखवण्यास आपल्या हाती जेमतेम तीन दिवस असतात. तेव्हा यजमान या नात्याने आपण सर्वप्रथम सोफ्यावर नीट बसावे.

गौर ही माहेरवाशीण आहे, हे दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकास ऐकवावे. लेक सासरी दमते, तिला माहेरी विसावा हवा, असे सांगताना कंठ किंचित दाटून आल्यास उत्तम. मात्र आपली सख्खी बहीण त्याच वेळी तिच्या सासरच्या गौरींसाठी पुरण वाटत उभी आहे, हा विचार मनाला शिवू देऊ नये.

सोळा भाज्यांच्या बाबतीत तडजोड नसावी. अळू, पडवळ, भोपळा, गवार, दोडका असे बोटांवर मोजत जावे आणि आकडा बारावर अडकला की उरलेल्या चार आणण्यास सुनेला मंडईत पिटाळावे. भाज्या चिरून झाल्या की पुरणपोळी, कढी, आंबील, कोशिंबिरी हे सारे सोवळ्यात व्हावे, आणि नैवेद्य दाखवेपर्यंत करणारीने काही चाखूही नये. या काळात भुकेने चिडचिड करण्याचा अधिकार परंपरेने आपल्याकडे आहे.

कोकणस्थांच्या घरी पाणवठ्यावरून मुकाट्याने आणलेले पाच-सात खडेच गौर म्हणून पुजले जातात, ही माहिती शक्यतो घरात फुटू देऊ नये. खड्यांवर देवी प्रसन्न होते असे कळल्यास लोखंडी स्टँडला भरजरी शालू नेसवण्यात अर्धी रात्र कोण घालवील?

सवाष्ण जेवायला बोलवावी, तिची ओटी भरावी. पहाटेपासून पुरण शिजवणाऱ्या विधवा काकूंना हळदीकुंकवाच्या वेळी स्वयंपाकघरातच राहू द्यावे. ‘काकूंच्या हाताला चव आहे’ असे मोठ्या मनाने, त्यांना आत ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणावे.

तिसऱ्या दिवशी मुरडीच्या कानोल्याचा नैवेद्य दाखवून गौरींची पाठवणी करावी. मुखवटे पुसून, कापसात गुंडाळून डब्यात ठेवताना पत्नीने ‘मीही दोन दिवस माहेरी जाऊन येऊ का?’ असे विचारल्यास, पितृपक्ष तोंडावर आला आहे, याची तिला आठवण करून द्यावी.