हुकूम रिझर्व्ह बँकेचा, उत्तर कोण देणार?

रिझर्व्ह बँक किंवा शेअर बाजारावर देखरेख करणारी सेबी जो अधिकार गाजवते तो कार्यकारी अधिकार, म्हणजे सरकारचा कारभार चालवायचा अधिकार, धरायचा का, यावरून परवा कुडाळात आमच्या वकील मित्रांशी चांगलीच जुंपली. माझं मत स्पष्ट आहे: धरायचाच. नाही धरला तर सगळ्यात जास्त सोय होते ती दिल्लीतल्या मंत्र्यांची.

23 सप्टेंबर 2019 आठवा. पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. खात्यात कितीही असोत, सहा महिन्यांत काढायचे फक्त 1000 रुपये. (मर्यादा पुढे वाढत गेली, ते सोडा.) मुंबईत कोणी ना कोणी चाकरमानी नाही असं घर आपल्याकडे शोधून सापडायचं नाही, त्यामुळे धग थेट गावापर्यंत पोचली. तसलीच नोटीस पुढे मी आपल्याकडच्या एका छोट्या सहकारी बँकेच्या शटरवर पाहिली. चिकटपट्टीने डकवलेला इंग्रजी कागद. प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक गुंडाळून आलेली एक काकी विचारत होती, "माजे पैशे खंय गेले रे?" मॅनेजर म्हणाला, "काकी, वरसून ऑर्डर इली."

ही ऑर्डर बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 35अ खालची. त्याआधी कोर्टात सुनावणी नाही, संसदेत चर्चा नाही. एका कार्यालयाने सही केली आणि ती लागू झाली. आदेश गरजेचा असेलही, बुडती बँक रोखायलाच हवी. पण हा कारभार नाही तर काय आहे?

मित्राचा मुद्दा असा, की घटनेच्या कलम 53 प्रमाणे संघराज्याचा कार्यकारी अधिकार राष्ट्रपतींचा. रिझर्व्ह बँकेचा अधिकार कायद्यातून आलाय, म्हणून तो वेगळा. मुद्दा वजनदार आहे, नाही म्हणत नाही. पण त्याच कलमाचा तिसरा खंड वाचा. राष्ट्रपतींखेरीज इतर प्राधिकाऱ्यांकडे कामं सोपवायची मुभा संसदेला आहे. वाट वेगळी असली तरी कामाची जात बदलत नाही.

सेबीचं तर त्याहून गुंतागुंतीचं. नियम तीच करते, तपास तीच करते, दंडही तीच ठोठावते. तिन्ही अधिकार एकाच ठिकाणी आले की प्रश्न उभे राहू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये क्लॅरिअंट कंपनीच्या खटल्यात बोलून दाखवलंय.

मालकी कोणाची यावरूनही काही ठरत नाही. आपल्या कोकणातले सी. डी. देशमुख 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले तेव्हा बँक खासगी भागधारकांची होती. 1 जानेवारी 1949 ला ती सरकारी झाली. गव्हर्नर तेच, नोटा छापायचा हक्क तोच. (पुढच्याच वर्षी देशमुख अर्थमंत्री झाले. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेला माणूस!)

आता गंमत बघा. बँकेचा परवाना रद्द झाला तर अपील कुठे? केंद्र सरकारकडे. लोकहितासाठी रिझर्व्ह बँकेला निर्देश द्यायचा अधिकार कोणाला? रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम 7 प्रमाणे, गव्हर्नरशी सल्लामसलत करून, केंद्र सरकारला. सेबीला धोरणाबाबत निर्देश? सेबी कायद्याचं कलम 16, पुन्हा केंद्र सरकार. आणि धोरणाचा प्रश्न कुठला हेही तेच ठरवणार. दोर सगळे हातात, आणि ठेवीदार विचारायला गेला की "ती स्वायत्त संस्था आहे हो".

व्याजदर मंत्र्यांनी ठरवावेत असं माझं म्हणणं अजिबात नाही. तो उद्योग पतधोरण समितीकडेच राहू दे. पण लोकांच्या ठेवी गोठवणारा आदेश निघाला की त्याची कारणं मराठीत त्याच शटरवर लागली पाहिजेत, आणि आपल्या खासदाराने प्रश्न विचारला तर अर्थमंत्र्यांनी सभागृहात उत्तर दिलं पाहिजे. सेबीच्या आदेशाविरुद्ध निदान सॅट हे अपील न्यायाधिकरण आहे. 35अ साठी तसं न्यायाधिकरणही नाही, उच्च न्यायालयात रिट याचिका घालावी लागते. 18 ऑगस्ट 2025 पासून सिंधुदुर्गाला त्यासाठी कोल्हापूर आहे, मुंबई नाही, एवढाच काय तो दिलासा. पण काकीने वकिलाची फी भरायची कुठून? पैसे तर त्याच खात्यात अडकलेत.