सोमवारचा परकायाप्रवेश

पहाटे पाचला फोन थरथरला आणि पोटात गोळा आला. सुवॉनमध्ये पाच म्हणजे पुण्यात रात्रीचा दीड, आणि दीड वाजता घरचं कोणी उगाच आठवण काढत नाही. चाचपडत चष्मा शोधला, पाहिलं तर भाचीचा मेसेज. "मावशी, हा काय शेवट आहे? तुझ्या कोरियातल्या लोकांना काही वाटत नाही का?"

नऊ वर्षं इथे काढली की कोरिया असा 'तुझा' होतो. इथली थंडी माझी, इथल्या कोबीचा वास माझा, आणि मी इथे पाऊल टाकायच्या कितीतरी आधी, २०१२ साली लागलेल्या एका मालिकेचा फसलेला शेवटही माझाच.

मालिकेचं नाव 'बिग'. केबीएस या इथल्या वाहिनीच्या दुसऱ्या चॅनेलवर त्या वर्षी जून-जुलैत सोमवार-मंगळवारी लागायची. भाचीनं सोळाच्या सोळा भाग तीन रात्रींत संपवले होते. गोष्ट थोडक्यात अशी. गिल दारान ही शाळेतली कंत्राटी शिक्षिका, तिचं लग्न ठरलंय सो युन-जे नावाच्या डॉक्टरशी. अमेरिकेतून नुकताच तिच्या शाळेत आलेला कांग क्यंग-जुन हा अठरा वर्षांचा उद्धट पोरगा. अपघात होतो, गाड्या पाण्यात जातात. मेला असं जाहीर झालेला डॉक्टर उठून बसतो, पण आत असतो तो पोरगा. पोराचा देह तिकडे हॉस्पिटलात निपचित. म्हणजे बाईंच्या होणाऱ्या नवऱ्याच्या अंगात बाईंचा विद्यार्थी. डॉक्टरचं काम गोंग यूनं केलंय. लष्करी सेवा करून आल्यावर टीव्हीवरची ही त्याची पहिली मालिका, आणि लिहिणाऱ्या होंग भगिनी म्हणजे तेव्हाच्या हुकमी लेखिका. एवढा शिधा हाताशी असताना स्वयंपाक बिघडायला खरं तर काही कारण नव्हतं.

सकाळपर्यंत वाद घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचला होता. आमच्या घरात या विषयावर दोन तट आहेत आणि ते तुमच्याही घरात असणार. भाचीचं म्हणणं, कोरियन मालिका सोळा भागांत संपतात, आपल्याकडे एका मंगळागौरीला तीन आठवडे लागतात. ताईचं म्हणणं, संपतात ते ठीक, पण त्यातले पुरुष पाहून पोरींच्या अपेक्षा कुठल्या कुठे गेल्यात. छत्री धरणारा, बुटाची नाडी बांधून देणारा नवरा कोथरूडात मिळतो का? आईचं एकच वाक्य, "आपल्या मालिकांत निदान नाती तरी कळतात." आणि मग तिघीही माझ्याकडे वळतात, जणू मी इथली राजदूत.

सोळा भागांचं कौतुक मीही पूर्वी करायचे. इथे आल्यावर कळलं की सोळा हा आकडा संयमातून आलेला नाही, तो वाहिनीच्या वेळापत्रकातून आलाय. आठवड्याला दोन भाग, आठ आठवडे, की पुढची मालिका रांगेत उभी. शिवाय त्या काळात निम्मं चित्रीकरण मालिका सुरू झाल्यावरच व्हायचं. त्याच दिवशी चित्रित करायच्या प्रसंगाचे सुटे कागद सेटवर यायचे. त्याला कोरियनमध्ये खास शब्दच आहे, 'चोक्देबोन', चिठोऱ्यांची संहिता म्हणा. रात्रंदिवसाच्या या रगाड्याला कंटाळून २०११ च्या ऑगस्टमध्ये हान ये-सुल ही नावाजलेली अभिनेत्री चालू मालिका सोडून थेट अमेरिकेला निघून गेली होती. देशभर गदारोळ झाला, आणि दोन दिवसांत ती परतलीही. वाहिनी हीच, केबीएस. 'बिग' त्यानंतर वर्षाच्या आत आली. आपल्याकडे रोजचा भाग रोज उरकताना कलाकारांचे जे हाल होतात ते ऐकलेल्या माणसाला हे काही परग्रहावरचं वाटू नये. फरक इतकाच की आपल्याकडे चिठोऱ्या हजार भाग चालतात, इथे सोळा.

पण 'बिग' चिठोऱ्यांमुळे फसली असं मी म्हणणार नाही. सुरुवातीचे भाग खरोखर खुसखुशीत आहेत, आणि त्यातली खरी गंमत भाचीच्या हाती लागलेलीच नाही, कारण तिनं ती इंग्रजी अक्षरं वाचत पाहिली. कोरियनमध्ये बोलण्याच्या पायऱ्या असतात. बरोबरीच्याशी किंवा लहानाशी 'बानमाल', म्हणजे आपलं अरे-तुरे. मोठ्याशी 'चोन्देन्माल', अहो-जाहो. क्रियापदाचा शेवटच बदलतो, त्यामुळे वाक्य उच्चारायच्या आधी समोरचा कोण हे ठरवावंच लागतं. ऑफिसात पहिली दोन वर्षं मी याच भीतीनं गप्प बसायचे. आता दारानचा विचार करा. डॉक्टर युन-जेशी ती आदरानं बोलते. विद्यार्थ्याशी बाई म्हणून अरे-तुरे. आणि आता चेहरा 'अहो'चा, आत माणूस 'अरे'चा! तो तर आधीपासूनच बाईंना सरळ नावानं हाक मारणारा. वर त्या नावाचीच थट्टा, कारण 'गिलदारान' म्हणजे कोरियनमध्ये लांबुळकं. इंग्रजीत हे सगळं एका 'यू'मध्ये बुडून जातं. मराठीत एका ओळीत उतरलं असतं. कोणी ही मालिका नीट मराठीत आणली असती तर आमच्या आईला पहिल्या पाच मिनिटांत कळलं असतं की ही 'नात्यांची'च गोष्ट आहे.

मग बिघडलं कुठे? सांगते, पण आधी ताईचं.

ताईनं आठ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. दर जूनला ऑर्डर येईल का, ही धाकधूक. ती भाचीच्या खांद्यावरून दोन भाग पाहत होती आणि तिचा प्रश्न अगदी रास्त होता, "ही बाई परीक्षेचा अभ्यास कधी करते?" दारान कायम नोकरीच्या परीक्षेची तयारी करत असते असं मालिका सांगते, पण तिच्या पोटापाण्याची चिंता पुढे लग्नाच्या गडबडीत कुठल्या कुठे जाते. इथे कंत्राटी शिक्षकांना 'किगानजे' म्हणतात. रजेवर गेलेल्यांच्या जागी येतात, वर्गशिक्षकाचं काम बऱ्याचदा त्यांच्याच गळ्यात पडतं. मी ताईला सेवोल बोटीचं सांगितलं. २०१४ च्या एप्रिलमध्ये शाळेची सहल घेऊन निघालेली ती बोट बुडाली, त्यात मुलांसोबत दोन कंत्राटी शिक्षिकाही गेल्या. त्या 'कायम' नव्हत्या म्हणून त्यांचा मृत्यू कर्तव्यावर असताना झाला हे मान्य व्हायला २०१७ उजाडलं. ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे तिथेही असंच." छत्री धरणाऱ्या पुरुषांच्या देशाबद्दल तिनं काढलेलं ते पहिलं बरं वाक्य, आणि तेही असं.

वयाचा मुद्दाही ताईचाच. बाई आणि विद्यार्थी! तिला वाटलं कोरियात हे चालतं. नाही चालत. शिक्षकाच्या सावलीवरही पाय देऊ नये अशी इथली जुनी म्हण आहे. त्यात ते अठरा म्हणजे कोरियन मोजणीचे अठरा, जन्मतःच एक धरून आणि दर एक जानेवारीला एक वाढवून. आपल्या हिशोबानं सोळा-सतरा. ही मोजणी सरकारी कामकाजातून गेली ती आत्ता, २०२३ च्या जूनमध्ये. आणि 'बिग' आली तेव्हा कायद्यानं सज्ञान व्हायला इथे वीस वर्षं लागत, एकोणीस झाली ती पुढच्या वर्षी. लेखिकांना हे सगळं ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी पोराला तिशीच्या देहात बसवला. गोंग यूचं अंग हे त्या प्रेमाचं परवानापत्र. डोळ्यांना खटकू नये एवढ्यासाठी घेतलेलं.

हे मला एका अटीवर मान्य होतं. देह उसना घेतलात, तर कधीतरी तो परत करा आणि मग बघा प्रेम उरतं का. देहबदलाच्या गोष्टीचं सगळं सार त्याच घटकेत असतं. आपल्याकडे हे फार आधी समजलेलं आहे. शंकराचार्य अमरुक राजाच्या देहात शिरले, तेव्हा शिष्य गुहेत मूळ देह राखत बसले, आणि परत येण्याची वेळ टळते की काय हा सगळा जीव टांगणीला लावणारा भाग. वेताळाच्या गोष्टीत बाई घाईत नवऱ्याचं शीर एका धडाला आणि भावाचं दुसऱ्याला लावते आणि वेताळ विचारतो, बोल राजा, तिचा नवरा कोणता? राजाला उत्तर द्यावं लागतं, नाहीतर डोक्याची शंभर शकलं. राजाचं उत्तर पटो न पटो, तो उत्तर देतो.

'बिग'कडे तर याहून जबर प्रश्न होता. मध्येच उघड होतं की डॉक्टर आणि पोरगा सख्खे भाऊ आहेत. डॉक्टर लहानपणी जीवघेण्या आजारानं अंथरुणाला खिळलेला, त्याला वाचवता यावं म्हणून हे दुसरं मूल जन्माला घातलं गेलं, आणि ते वाढलं भलत्याच बाईच्या पोटात आणि घरात. ज्याचा जन्मच दुसऱ्याच्या देहाच्या गरजेपोटी झाला, तो पोरगा आज त्याच भावाचा देह वापरून भावाच्याच बायकोवर प्रेम करतोय. कोणी कोणाचं काय देणं लागतं? एवढ्यावर पाच भाग उभे राहिले असते. आणि बिचारा डॉक्टर! पहिल्या भागानंतर तो बेशुद्धच. त्याचा देह, त्याचं लग्न, त्याची नोकरी, सगळं दुसरा चालवतोय, आणि शेवटपर्यंत त्याला कोणी तोंड उघडू देत नाही. 'सीक्रेट गार्डन' या दुसऱ्या कोरियन मालिकेत, दीडच वर्ष आधी, ह्यन बिन आणि हा जी-वन दोघांची खरी अदलाबदल होती, दोघांनाही दुसऱ्याच्या अंगात वावरण्याची फजिती होती. इथे अदलाबदल एकतर्फी. याला मी घुसखोरी म्हणते.

आणि शेवट. ज्यावरून पहाटे पाचला माझी झोप मोडली. आत्मे आपापल्या देहांत परततात, काळ पुढे सरकतो, पोरगा मोठा होऊन दारानसमोर येतो. सोळा भाग ज्या क्षणासाठी थांबलो तो हा. आता त्या मुलाचा, म्हणजे त्याचं काम करणाऱ्या शिन वन-होचा, चेहरा दिसणार आणि दारानला त्या चेहऱ्याकडे पाहावं लागणार. दिसतो कोण? गोंग यूच. पोराचा चेहरा दाखवायची हिंमतच झाली नाही. प्रेम आत्म्यावर असतं असं सोळा भाग ओरडून सांगणाऱ्या मालिकेनं शेवटी देहच निवडला, तोही महागडा.

प्रेक्षकाला दुसरा चेहरा पचणार नाही, ही ती भीती. आणि इथे मी भाचीला सांगितलं, जरा आपल्या आजीकडे बघ. आपल्या मालिकांत परकायाप्रवेश दर दोन वर्षांनी होतो. शनिवारी सून एक असते, सोमवारी दुसरीच बाई तेच मंगळसूत्र घालून त्याच ओट्याशी उभी. फार तर एखादा अपघात, बँडेज आणि प्लास्टिक सर्जरी. बऱ्याचदा तेवढंही नाही. आई पहिल्या दिवशी म्हणते, "ही नाही बाई शोभत." बुधवारपर्यंत नव्या सुनेला शिव्या घालणाऱ्या सासूवर ती चिडलेली असते. देह बदलला, सून तीच! ज्या प्रेक्षकाला आपण घरी अडाणी ठरवून मोकळे होतो, त्याला ही किमया येते, आणि ती येते हे आपल्या मालिकावाल्यांना पक्कं ठाऊक आहे. होंग भगिनींनी आमच्या आईवर भरवसा ठेवला असता तर 'बिग'ला शेवट मिळाला असता.

भाचीला हे पटलं नाही. तिचं म्हणणं, आपल्याकडे ते मजबुरीनं करतात, त्यात कला कुठे आहे. खरंय. मजबुरीच आहे. पण कलेनं निदान मजबुरीइतकं तरी धाडस करावं, एवढी माझी माफक अपेक्षा. (गोंग यूला मात्र मी दोष देणार नाही. उसन्या अंगात गोंधळलेलं पोर त्यानं असं काही उभं केलंय की तेवढ्यासाठी पहिले सहा भाग मी दोनदा पाहिले. हे ताईला सांगू नका.)

इथल्या खालच्या मजल्यावरच्या आजींना परवा लिफ्टमध्ये विचारलं, 'बिग' आठवते का. त्या माझ्याशी अरे-तुरेतच बोलतात, तो त्यांचा हक्क आहे. क्षणभर आठवून म्हणाल्या, "ती होय? शेवट आठवत नाही. पाहिली होती की नाही कोण जाणे." आणि हातातल्या पिशवीतले दोन रताळे माझ्या हातात कोंबून तिसऱ्या मजल्यावर उतरल्या.

दरम्यान घरी एक भलतंच झालंय. वादात आपली बाजू भक्कम करायची म्हणून आईनं 'बिग' पाहायला घेतली. शेजारी नात बसून वाक्यं मराठीत सांगते, अरे आणि अहो सांभाळून. काल आई फोनवर म्हणाली, नववा भाग झाला. मग थोडं थांबून, "तो मूळचा मुलगा अजून झोपलेलाच आहे गं. उठेल ना?"

"उठेल," म्हटलं.

"बरं. चेहरा गोड आहे त्याचा. शेवटी तोच दिसायला हवा."

मी विषय बदलला, दिवाळीच्या तिकिटांचं बोलले.