फाटकाबाहेर जाणाऱ्या पाण्याचा हिशोब कोणी मागितलाय का?

आमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरलाय. पुण्यात सहकारनगरच्या उतारावरची तीन मजली जुनी इमारत, साधारण २० गुंठ्यांचा प्लॉट, मागे दोन आंबे, एक कडुनिंब आणि पावसाळ्यात चिखल होणारी मातीची जागा. दीड वर्ष सभा चालू आहेत. कार्पेट किती वाढवून मिळणार, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम) किती, भाडं किती महिन्यांचं, पार्किंग एक की दोन, यावर तास तास बोलणं होतं. व्हायलाच हवं, आयुष्यभराच्या घराचा प्रश्न आहे.

मागच्या सभेत मी आर्किटेक्टना विचारलं, की नवी इमारत झाल्यावर जोराच्या पावसात आपल्या फाटकातून किती पाणी रस्त्यावर जाईल? आज जातं त्यापेक्षा जास्त की कमी? त्यांच्याकडे लिफ्टचा, सांडपाण्याचा, आग विझवायच्या टाकीचा, सगळ्याचा हिशोब तयार होता. हा नव्हता. ते प्रामाणिकपणे म्हणाले, "ताई, हे आजवर कुणी विचारलंच नाही."

मी का विचारलं ते सांगते. आमच्या शेजारच्या प्लॉटवर पूर्वी दोन बंगले होते आणि भोवती बाग. आता तिथे दोन बेसमेंटवाली उंच इमारत आहे. या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत खाली स्लॅब, वर पेव्हर ब्लॉक. झाडं आहेत, पण कुंड्यांत आणि स्लॅबवर टाकलेल्या फूटभर मातीत. पाऊस सुरू झाला की दहा मिनिटांत बेसमेंटचा पंप चालू होतो आणि कुंपणावरून आलेल्या चार इंची पाइपातून पाणी थेट गल्लीत पडायला लागतं. ते उताराने खाली धावतं. गल्लीच्या तोंडाशी पावसाळी गटाराचं चेंबर आहे, त्याचं झाकण आधी थडथडतं, मग एका बाजूने उचललं जातं आणि आतलं पाणी उलट रस्त्यावर येतं. तिथून पुढे आंबिल ओढा. आणि ओढ्याकाठच्या वस्तीत आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचं घर. आभाळ भरून आलं की मावशी पोळ्या अर्ध्यावर ठेवून निघतात, कारण गाद्या आणि नातवंडांची दप्तरं पलंगावर चढवायची असतात. मी त्यांना थांबा म्हणत नाही.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र या भागातलं कोणी विसरलेलं नाही. आंबिल ओढ्याला पूर आला, अरण्येश्वरजवळ टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळली, माणसं गेली. त्या रात्रीचा पाऊस असा होता की कुठल्याही सोसायटीची टाकी त्याला पुरली नसती, हे मला कळतं. मी बोलतेय ते दरवर्षीच्या साध्या वळवाबद्दल, तास-दीड तास कोसळून जाणाऱ्या पावसाबद्दल. तोसुद्धा आता गल्लीत मावत नाही.

गणित अवघड नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचा प्लॉट २,००० चौरस मीटर. तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर १ लाख लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे दहा टँकर. आज आमची निम्मी जागा मातीची आहे. त्यातलं बरंचसं पाणी मुरतं, उरलेलं रेंगाळत जातं. उद्या सगळीकडे काँक्रीट झालं की जवळजवळ सगळे दहा टँकर एका तासात फाटकाबाहेर. या उतारावर अशा किती सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्यात, ते गल्लीतले फलक मोजले तरी कळतं.

"पण रेन वॉटर हार्वेस्टिंग सक्तीचं आहे ना?" असं लगेच म्हटलं जातं. आहे. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटला ते बंधनकारक आहे, न केल्यास दंडाची तरतूद आहे, पुण्यात मिळकतकरात सवलतही आहे. नियम चांगला आहे, पण तो उन्हाळ्यातल्या टंचाईचा विचार करून केलेला आहे. पुराचा प्रश्न वेगळा आहे. साठवणीची टाकी भरलेली असली तर उपयोगाची, पुरासाठीची टाकी रिकामी असली तर. जुलैच्या मध्याला साठवणीच्या टाक्या काठोकाठ भरलेल्या असतात आणि पुढच्या पावसाचं पाणी त्यांच्यावरून सरळ रस्त्यावर जातं. राहिला पाणी जमिनीत जिरवायचा बोअर. आपल्याकडे थोडी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. त्यात पाणी जिरतं, पण जिरायला वेळ घेतं. धो धो पावसाच्या वेगाने ते घेणं एका बोअरला शक्यच नाही.

आणि हार्वेस्टिंगही कसं केलेलं असतं? ओळखीच्या एका सोसायटीत आम्ही तिघीजणी मे महिन्यात पाणी जिरवायच्या खड्ड्याचं झाकण उघडून बसलो. इमारत चार वर्षांची. आत खडीवर सिमेंटचा वाळलेला थर, दोन गुटख्याच्या पुड्या आणि कोरडी धूळ. गच्चीवरून उतरणारा पाइप खड्ड्यापर्यंत आलाच नव्हता. वीतभर अलीकडे त्याला एल्बो लावून रस्त्याकडे वळवलं होतं. चार पावसाळे त्या खड्ड्यात थेंब गेला नव्हता. राहणाऱ्यांना याची कल्पनासुद्धा नव्हती, हे बघून मला फार वाईट वाटलं.

मुंबईचं उदाहरण मला सारखं आठवतं. तिथली जुनी पावसाळी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधली होती, आणि त्यातलं निम्मं पाणी जमीन पिईल असं गृहीत होतं. या गटारांच्या सुधारणेसाठी केलेल्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने १९९३ मध्ये सांगितलं, की आता तासाला ५० मिलिमीटर धरा आणि सगळंच्या सगळं पाणी गटारात येणार असं समजा. म्हणजे जमीन आता पाणी पीत नाही हे गटारं बांधणाऱ्यांनी तेव्हाच लिहून दिलं. मग २६ जुलै २००५ आली, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गटारं रुंद करायला सार्वजनिक पैसा लागतो, वर्षानुवर्षं लागतात. आणि तोवर प्रत्येक नवी इमारत आपलं जास्तीचं पाणी त्याच गटारात ओतत राहते, फुकट. हे मला पटत नाही.

सिंगापूरने २०१४ पासून ०.२ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक नव्या बांधकामाला आणि पुनर्विकासाला बंधन घातलंय, की जोराच्या पावसात प्लॉटमधून सार्वजनिक गटारात सुटणारं पाणी ठरलेल्या मर्यादेत ठेवायचं. ०.२ हेक्टर म्हणजे आपले २० गुंठे. आमच्याच सोसायटीएवढा प्लॉट! तिथे आपल्यापेक्षा पाऊस जास्त पडतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. पुनर्विकासाचा नकाशा मंजूर करताना फाटकाबाहेर जाणाऱ्या पाण्याचा आकडा त्यावर असलाच पाहिजे, आणि तो जुन्या इमारतीपेक्षा जास्त असता कामा नये. आमच्या प्लॉटला जास्तीचं पाणी तासभर धरायला साधारण ५० हजार लिटरची टाकी लागेल. दोन गाड्यांच्या पार्किंगएवढी जागा, दोन मीटर खोल, ड्राइव्ह-वेच्या खाली. बाहेर जाणारा पाइप मुद्दाम लहान, म्हणजे पाऊस ओसरल्यावर टाकी हळूहळू आपोआप रिकामी होते. शिवाय एका बाजूची पट्टी खऱ्या जमिनीची ठेवायची, तिच्याखाली बेसमेंट न्यायचं नाही. कडुनिंबही तिथेच राहील. मुंबईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की मनोरंजनाची मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवरची, म्हणजे पार्किंगच्या वरच्या स्लॅबवरची, चालणार नाही. मुलांना खेळायला जमीन लागते तशी पाण्यालाही मुरायला लागते.

तपासणीही भोगवटा पत्राच्या दिवशी एकदाच होऊन चालणार नाही. आगीच्या यंत्रणेसाठी आपण दर जानेवारी-जुलैत ती चालू असल्याचा दाखला, 'फॉर्म बी', देतोच की. तसंच मे अखेरीस टाकी, पाइप आणि खड्डा बघून दाखला द्यायचा, आणि करातली सवलत त्या दाखल्यावरच मिळायची.

दुसऱ्या मजल्यावरचे काका सभेत म्हणाले, "आपण वरच्या अंगाला राहतो, आपल्याकडे कुठे पाणी भरतं?" काका मनाने अतिशय चांगले आहेत, २०१९ ला वस्तीतल्या लोकांसाठी त्यांनी दोन दिवस घरून जेवण नेलं होतं. मी त्यांना म्हटलं, काका, जेवण नेलंत ना, मग आता पाणी पाठवू नका. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कलम लिहून आण, मी अनुमोदन देतो."

रविवारी सभा आहे. बिल्डरबरोबरच्या विकसन करारनाम्यात घालायचं कलम मी लिहायला घेतलंय: टाकीचं माप, बाहेरच्या पाइपाचा व्यास, मातीची पट्टी आणि ताबा देण्याआधी सभासदांसमोर पाणी सोडून चाचणी. कुणाच्या सोसायटीने असं काही करारात घातलं असेल, किंवा कुणी सिव्हिल इंजिनीअर पाइपाच्या व्यासाचं गणित तपासून देणार असेल, तर शनिवारच्या आत मला मेसेज करा.